माझ्या नावावर केलेली फाईल

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, म्हणून त्या कचेरीचा विषय निघाला की पोरं हळूच उठून जातात. त्यांचंही बरोबर आहे. इतक्या वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारावरून बाई अजून भांडी आपटते म्हटल्यावर कोण बसून ऐकणार? पण तेव्हा जेवढं बोलायला हवं होतं तेवढं मी बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

नव्वदीची मधली वर्षं होती. आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीसारख्या कचेरीत, मी कॉम्प्युटरवर कामाला होते. कुठल्या, ते सांगत नाही. आमचं घर भाजीपाल्याचं. बाप वाडीत वांगी-टमाटे लावायचा, आई ते भैंसा गावच्या बाजारात नेऊन विकायची. बारावी झाल्यावर मामाकडे नांदेडला राहून मी वर्षभर कॉम्प्युटरचा क्लास केला. क्लासमध्ये मशीन एकच होतं आणि त्याला सहा स्क्रीन जोडलेले होते. एकाच मशीनवर सहा जणांनी एकमेकांच्या पायात पाय न घालता काम कसं करायचं, हेच खरं तर तिथलं पहिलं शिक्षण होतं.

सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की युनिक्समध्ये प्रत्येक फाईलला एक मालक असतो, एक गट असतो आणि मग उरलेलं जग. तिघांना तीन-तीन हक्क: वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, अशी बेरीज करून तीन आकडे द्यायचे. सहा-चार-चार दिलं की मालक वाचणार आणि लिहिणार, बाकीचे नुसतं वाचणार. वर्गातल्या पोरांनी ह्यावर आठवडाभर डोकं खाजवलं. मला एका फटक्यात कळलं, कारण आमच्या वाडीचा कायदा हाच होता. रस्त्यानं जाणाऱ्यानं कुंपणावरून वांगी खुशाल बघावीत, तोडायची आम्हीच.

माझ्या शेजारच्या स्क्रीनवर आमच्याच भागातला एक जण बसायचा. हुशार होता, माझ्यापेक्षा भराभर टाईप करायचा. त्या जुन्या युनिक्सवर आपली फाईल दुसऱ्याच्या नावावर करता यायची. सीएचओन असा हुकूम टाईप करायचा, पुढे त्याचं नाव टाकायचं, की फाईल त्याची झाली. ज्याच्या नावावर केली त्याला विचारण्याची पद्धतच नव्हती. आजकालच्या मशीनवर हे साध्या माणसाला करता येत नाही, तेव्हा येत होतं, आणि आमच्या वर्गात तो खेळच होऊन बसला होता. सरांच्या टकलावर चार ओळी लिहायच्या आणि कुणा गरीब गाईच्या नावावर करून ठेवायच्या. एकदा ह्यानं त्या माझ्या नावावर केल्या. सरांनी मला तासभर उभं केलं. खरं काय ते कळल्यावर सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

पुढे आम्हा दोघांना एकाच कचेरीत काम लागलं. जमिनीची पहाणी, म्हणजे कोणत्या सर्वे नंबरात कुणाचं नाव आणि कोण कसतं ह्याचं दरवर्षीचं पुस्तक, आता मशीनवर चढवायची होती. गावागणिक एक फाईल. आम्ही टाईप करायचं, छापायचं, मंडलाच्या साहेबांनी सही-शिक्का करायचा, की तीच पहाणी खरी. जुनी पुस्तकं बांधून जिल्ह्याला जाणार होती. मशीनच्या खोलीत एसी होता, साहेबांच्या खोलीतही नव्हता. आत येताना चपला बाहेर. पहिल्या दिवशी पेशकारांनी मशीनला हळद-कुंकू लावून नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डात जाता जाता राहिलं.

पेशकार म्हणजे साहेबांच्या खालोखालचा माणूस, पण कचेरी त्यांचीच. त्यांच्या राज्यात प्रत्येक कपाटाला कुलूप होतं आणि सगळ्या किल्ल्या दारामागच्या एका खिळ्याला अडकवलेल्या होत्या. कुणी रजेवर गेलं तर काम अडू नये, म्हणून. निजामाच्या काळापासून असंच चालतं, हे ते अभिमानानं सांगायचे. मग कुलूप कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून आले आहे.

ज्या गावांची पहाणी मी टाईप करायचे त्या फायलींवर मालक म्हणून माझं नाव, आणि मी त्या सहा-चार-चार करून ठेवायचे. पेशकारांना ते कळलं तेव्हा ते भडकले. सगळ्यांचा हात लागला पाहिजे, सगळं सगळ्यांना उघडं करून टाक, असा त्यांचा हुकूम. मी नाही म्हणाले. लोकांची जमीन आहे, खिळ्यावर टांगायची नाही, असंही म्हणाले. चोवीस वर्षांच्या कंत्राटी पोरीनं हे बोलणं म्हणजे लहान तोंडी मोठा घासच होता. साहेबांपर्यंत गेलं. शेवटी तोड निघाली: गावांच्या फायली माझ्या म्हणण्याप्रमाणे बंद राहतील, पण ज्या डिरेक्टरीत त्या ठेवल्या आहेत ती सर्वांना खुली राहील, कारण दुरुस्तीचे अर्ज आम्हा दोघांनाही त्यातच टाकायचे होते. मी डिरेक्टरीला सात-सात-सात, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, दिलं आणि जिंकले म्हणून घरी जाऊन आईला सांगितलं. अशी मी शहाणी.

आता एका मावशीचं सांगते. बाजारहत्नूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. पन्नाशीची असेल. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं, सात एकर रान होतं. कापूस नि ज्वारी. नवऱ्याच्या जागी तिचं नाव लागावं म्हणून तिनं वारसाची नोंद करून घेतली होती. कचेरीत त्याला अजून विरासत म्हणतात. तो हुकूम माझ्या टेबलावर आला आणि तिच्या गावाच्या फाईलमध्ये तिचं नाव मी माझ्या हातानं घातलं. दिराला ते खपलं नव्हतं. बाईच्या नावावर रान कशाला, असं तो चारचौघांत बोलायचा. तो आमच्या पेशकारांसोबत पान खायला बसायचा, हे मी रोज बघत होते.

मावशी दर मंगळवारी यायची. बाजार करायची आणि पिशवी बाहेर ठेवून, चपला काढून, मशीनच्या खोलीत यायची. म्हणायची, "पोरी, माहं नाव दाखव." मी तिची फाईल उघडायचे, ओळ काढायचे. तिला वाचता येत नव्हतं, त्यात अक्षरं इंग्रजी. मग मी तिचं बोट धरून काचेवर ठेवायचे आणि एकेक अक्षरावरून फिरवत नाव वाचायचे. ती मान डोलवायची, बोट पदराला पुसायची आणि जायची. दुसरं काही बोलायची नाही. पेशकार बाहेरून हसायचे, की अम्मा दर्शन घेऊन आल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. सात एकरांत तिचं सगळं आयुष्य होतं आणि ते आमच्या डब्यात होतं. बघायला येणारच.

एका गुरुवारी मी रजा घेतली. चुलतबहिणीचा साखरपुडा होता. शुक्रवारी, शनिवारी, सोमवारी कामावर आले, काही वेगळं वाटलं नाही. मंगळवारी मावशी आली. मी फाईल उघडली, तिचं बोट धरलं, काचेवर ठेवलं आणि वाचायला तोंड उघडलं तर समोर दिराचं नाव.

मी ओळ चुकले असं वाटलं. वर-खाली पाहिलं. सर्वे नंबर तोच, एकर तेवढेच. तिच्या नवऱ्याच्या जागी सरळ दिराचं नाव, जणू ही बाई कधी जन्मलीच नव्हती. माझ्या हातात तिचं बोट तसंच होतं. तिनं विचारलं, "वाचत काऊन नाई?"

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. काय झालं ते सांगितलं. तिनं बोट काढून घेतलं. म्हणाली, "तूच त लिवलं होतं. तुह्याशिवाय कोनाले लिवता येत नाई, असं तूच सांगे ना?"

हे मीच तिला सांगितलं होतं. मिरवून सांगितलं होतं. काळजी करू नको मावशी, ह्या फाईलवर माझं नाव आहे, दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. आता तेच शब्द ती मला परत देत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. दिरानं हिला फोडली, हे. आयुष्यात पुष्कळ जण मला पुष्कळ बोलले, पण त्या नजरेइतकं काही लागलं नाही.

मी फाईलची यादी काढली. मालक मी. परवानगी सहा-चार-चार. तारीख मात्र गुरुवारची, दुपारची. पेशकार आले, त्यांनी यादी बघितली आणि थेट साहेबांना बोलावलं. साहेब तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचे. मी म्हटलं, गुरुवारी मी रजेवर होते, हजेरीपुस्तक बघा. त्यावर पेशकारांचं उत्तर तयार होतं: पासवर्ड कुणाला तरी सांगितला असेल. साहेबांनी शांतपणे विचारलं, "नाम तुम्हारा है, लिखने का हक सिर्फ तुम्हारा है. फिर बदला कौन?"

माझाच कायदा माझ्या गळ्यात आला होता. शेजारच्या स्क्रीनवर माझा क्लासमधला सोबती टाईप करत होता. एवढी बोंब झाली, सगळी कचेरी दारात जमली, आणि हा मान वर करत नव्हता. तेवढ्यावरून मला तो तास आठवला, नांदेडचा, टकलाच्या चार ओळींचा, आणि सगळा डाव कळला.

त्यानं काय केलं होतं ते सोपं होतं. डिरेक्टरी म्हणजे कपाट. कपाट ज्याला उघडं असतं त्याला आतल्या बंद फाईलमध्ये लिहिता आलं नाही तरी ती अख्खी उचलून फेकता येते. मशीन फक्त एकदा विचारतं, की ही सहा-चार-चार आहे, तरी पुढे जाऊ का? हो म्हटलं की संपलं. ह्यानं माझ्या फाईलची नक्कल केली, नकलेत एक नाव बदललं, माझी फाईल फेकली, त्या जागी आपली ठेवली, तिलाही माझ्यासारखंच सहा-चार-चार दिलं आणि शेवटी ती माझ्या नावावर करून टाकली. एका नावासाठी त्यानं हे कुणाच्या सांगण्यावरून केलं, काय घेतलं, मला ठाऊक नाही. आणि कपाट उघडं कुणी ठेवलं? मीच. क्लासच्या वहीत हे सगळं लाल पेनानं लिहून घेतलं होतं, तरीही. स्वतःवरचा तो राग अजून गेलेला नाही, इतरांवरचा तर राहू द्या.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, हे तू केलंस का. तो हळू आवाजात म्हणाला, "फाईल तुह्या नावावर हाय. मी काऊन हात लावीन?" आणि किंचित हसला. वर्गात हसला होता तसाच.

मी साहेबांना म्हटलं, दोन मिनिटं माझ्यामागे उभे राहा. नवी फाईल उघडली, त्यात इंग्रजी अक्षरांत, हिंदीत एकच ओळ लिहिली, की त्या बाईचं नाव मी बदललं. बंद केली. मशीनवर साहेबांचंही एक नाव होतं, त्यांनी ते कधी वापरलं नव्हतं. सीएचओन म्हटलं आणि ते नाव टाकलं. यादी काढली. मालक, साहेब. मी बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, ही फाईल आता तुमची आहे, तुमची रजा मोजायची की तुमचा पासवर्ड विचारायचा?

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मूर्ख नव्हते ते, त्यांना सगळं कळलं, आणि कळलं म्हणूनच ते पेशकारांकडे बघेनात, त्या हुशार माणसाकडेही बघेनात. मी दर शनिवारी फायली फ्लॉपीवर घेत असे. त्यातली त्या गुरुवारच्या आधीची फाईल काढून जागेवर ठेवली, मावशीचं नाव परत आलं. साहेब म्हणाले, नाव आलं ना, मग विषय संपला. चौकशी नाही, एक चिठ्ठी नाही. मावशी तोवर निघून गेली होती.

विषय संपला नव्हता. सोमवारी मला आत बोलावलं. कचेरीत भांडणतंटा नको, तुझ्या सगळ्या गावांचा चार्ज त्याला दे, महिनाअखेर तुझं काम पुरं होईल. माझ्या जागी कुणाला, तर त्याला. मग येऊन बसले आणि एकेका गावाची फाईल त्याच्या नावावर केली. ह्या वेळी खरोखर माझ्या हातानं. मावशीच्या गावाशी आले तेव्हा बोटं थांबली, पण पेशकार डोक्यावर उभे होते. आता त्या फाईलमध्ये तो लिहू शकत होता आणि मी फक्त वाचू शकत होते. शुक्रवारी सगळी पहाणी छापायची होती. मधले चार दिवस त्याचे.

मंगळवारी मावशी येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. दारात उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं, नाव आलंय, बघ. ती म्हणाली, "आज हाय. उद्या?"

लिहिणं माझ्या हातचं गेलं होतं. पण वाचणं होतं, आणि ज्याला फाईल वाचता येते त्याला ती छापताही येते. मी तिच्या गावाची पहाणी तिथल्या तिथं छापायला लावली. तो शेजारून म्हणाला, छपाई शुक्रवारी आहे. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. प्रिंटर करकरत होता, कागद खाली येत होता आणि मावशी दारातून एकेक पाऊल आत येत होती. तिच्या ओळीचा कागद फाडून मी साहेबांच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवला. सही करा म्हटलं.

त्यांनी विचारलं, इतकी घाई काय आहे? मी म्हटलं, "साब, आपके नाम की वो फाईल अभी वहीं पे है." मी ती पुसली नव्हती, आणि पुसायची कशी हे साहेबांना माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला सांगायची त्यांना लाज होती. ही धमकी होती का? होती. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांनी सही केली.

शिक्का राहिला. तो पेशकारांच्या कपाटात आणि पेशकार जेवायला गेलेले. मी सरळ दारामागे गेले आणि खिळ्यावरची किल्ली काढली. निजामाच्या काळापासूनची सोय, माझ्या कामाला एकदाच आली. कपाट उघडलं, शिक्का नि शाईचा पॅड बाहेर काढला आणि सहीवर शिक्का दाबला.

मावशीनं कागद दोन्ही हातांत धरला. मी तिला सगळं वाचून दाखवलं: गाव, सर्वे नंबर, सात एकर, तिचं नाव, खाली साहेब. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "अन् तुहं कुठी हाय?"

"माझं नाही, मावशी. माझं नसतं त्यावर."

"लिवलं त तुनं."

मी म्हटलं, राहू दे. तरी ती कागद पुढे करूनच होती. तिचं समाधान व्हावं म्हणून मी पेन काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला सही करते म्हणाले. तिनं नकाराची मान हलवली. "सही कोनीबी करते, पोरी," ती म्हणाली. पॅड अजून उघडाच होता. तिनं माझा उजवा अंगठा धरला, जसं मी इतके मंगळवार तिचं बोट धरत होते, शाईत दाबला आणि कागदाच्या मागे टेकवला. मग शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत उभी राहिली.